हॅलो, दर पाच सेकंदांनी

क्लाक्सविकमध्ये पहाटेचे तीन दहा.
रान्वाच्या पडद्यावर दोन राउटर
एकमेकांना हाका मारतायत,
दर पाच सेकंदांनी, न चुकता.
हाक पोचते. ओ मिळते.
बोलणं मात्र सुरू होत नाही.

केबल ठीक. दिवा हिरवा.
पासवर्ड दोन्हीकडे एकच, अक्षर न् अक्षर ताडलेला.
सहाशे शेहेचाळीस नंबरचं दारही उघडं.
तरी लेबलांचा तक्ता कोरा,
आणि दक्षिणेच्या बेटावरचा दवाखाना
संध्याकाळपासून एकही एक्स-रे पाठवू शकलेला नाही.

ती होग्नीला उठवते.
"काल काही बदललंस?"
"नाही." मग खोकला. मग,
"चाचणीपुरता एक पत्ता टाकला होता. काढायचा राहिला."

तिथंच घोडं पेंड खात होतं.
वीज गेली, आली, राउटर जागा झाला,
आणि अंगावरच्या पत्त्यांतला सगळ्यात मोठा आकडा
त्यानं आपलं नाव म्हणून धरला.
आता तो हाकेला ओ देतो,
म्हणतो, या की घरी,
आणि सांगतो असा पत्ता
जिथं जाणारी वाट कुणाच्याच नकाशात नाही.

दोन ओळी. एक एंटर.
चोवीस हजार सतरा, चोवीस हजार अठरा...
लेबलं उतरू लागतात,
होडीतून मासळीच्या पेट्या उतराव्यात तशी.

होग्नी अजून फोनवर.
"झालं?"
"झालं."
फोन कुणीच ठेवत नाही.
त्याच्याकडे वारा वाजतोय,
हिच्याकडे पंखे.