कोरी रांग

नांदेडात वैशाख. व्हरांड्यात त्रेचाळीस,
आणि माझ्या पेशींना सदतीस लागतं.
म्हणून आमच्या मजल्यावर एकच एसी,
तोही माणसांसाठी नाही.

दूरदेशी कुण्या पंधरा वर्षांच्या पोराच्या
यकृतातली गाठ काढली, त्याला कैक वर्षं झाली.
पोराचं पुढं काय झालं, मी कधी शोधलं नाही.
गाठ अजून वाढतेय.
दर दोन दिवसांनी मी तिला गुलाबी पाणी बदलते,
थेंब मोजून, श्वास आवरून.

तळहाताएवढ्या प्लेटीत शहाण्णव खळगे.
शुक्रवारी डावीकडं जास्त, मग कमी कमी करत
औषध घातलं. तेच, कोपऱ्यावरच्या मेडिकलचं,
तापाला, डोक्याला, कंबरेला.
शेवटची रांग कोरी. तिला काही द्यायचं नाही.
तिच्याकडं बघूनच बाकीच्यांचं मरण मोजायचं.

चौत्राबाई काचसामान धुते.
तिच्या चंचीत हीच गोळी, कात-सुपारीच्या शेजारी.
"काय करायल्यात, निशात म्याडम?"
"किती औषधानं पेशी मरतात, ते."
"मग मला किती चालंल?"

आता काय सांगू.
खळग्याला गुडघा नसतो,
उपाशी पोट नसतं, पायऱ्या नसतात.
"डॉक्टरला विचार," म्हणाले.
"त्यानंच तर दिलीया."

सोमवारी पिवळा रंग घातला.
जित्या पेशी त्याचा जांभळा करतात,
मेलेल्या तसाच राहू देतात.
चार तासांनी झाकण काढलं.
डावीकडं हळद. ठरल्याप्रमाणे.
मधेही हळद.
कोऱ्या रांगेत वांग्याचा रंग यायला हवा होता.
हळद.

शनिवारी दुपारी गेलेली लाइट
रविवारी संध्याकाळी आली होती.
कुलूपबंद खोली तापत राहिली.
मी घरी कूलरसमोर बादली भरत होते.

चौत्राबाई ओले हात पदराला पुसत वाकली.
"ह्या रांगंला तर तुम्ही कायच नव्हतं दिलं."
"नाही."
"तरी मेल्या."

वहीत लिहिलं: कोरी रांग मृत. निष्कर्ष नाही. पुन्हा.
औषधावर काही ठेवता येत नाही,
त्याला सोडूनही देता येत नाही.

तिनं प्लेट ब्लीचच्या टबात उलटी केली,
मग चंचीतून गोळी काढून
पहिल्यांदाच दाताखाली अर्धी तोडली.
उरलेली कागदात गुंडाळून ठेवली.

गॅसचा सिलिंडर हैदराबादहून परवा येईल.
तिची सहाची बस.