थांब-जरा

मेफो त्सेमोनं खांद्यावरचं पोतं उतरवलं तेव्हा
याउंदेच्या आमच्या प्रयोगशाळेत
डोंगरातल्या लाल मातीचा वास पसरला.
पानाचं नाव तिच्या बोलीत 'थांब-जरा' असं काहीसं.
वहीत आम्ही लिहिलं : नमुना सतरा.
पहाटे तोडायचं, ती म्हणाली, तोंड न धुता,
आणि तोडताना झाडाला कारण सांगायचं.
तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.
मी शेऱ्यात लिहिलं, डॉक्टर एबोलोंनी खोडलं.

मग सहा आठवडे.
सावलीत वाळवणं, कुटणं, उकळणं, गाळणं,
बाटल्यांवर तारखा.
उंदीर चोवीस, मिठाच्या पाण्यावर दाब चढवलेले.
शेपटी आधी ऊबदार करायची,
मग तिला बोटभर पट्टा गुंडाळायचा.
उंदीर घाबरला की आकडा खोटा येतो,
म्हणून मी बारीक आवाजात बोलत राहायचो :
विजेचं बिल, मेव्हण्याची उधारी, रविवारची मॅच.
एकशे ऐंशी. एकशे एकाहत्तर.
पाचव्या सोमवारी एकशे बेचाळीस.
काढा न मिळालेले आठ जण होते तिथंच राहिले.
त्यांच्याशीही मी तेवढंच बोललो होतो.

मेफोला निरोप गेला.
डोक्याला नवा रुमाल बांधून आली,
आलेख उलटा धरून बघत राहिली.
"उतरला?"
"उतरला."
"मग दाखव ना ते उंदीर."

काळजं तोलून झाली होती,
वजनं ग्रॅममध्ये, दशांशानंतर तीन आकडे.
पिंजरे धुऊन उन्हात पालथे घातलेले.
"बरे झालेलेसुद्धा?"
"बरे झालेलेसुद्धा."

ती बाकावर बसली.
कानशिलावरची शीर उडताना मला दारातून दिसत होती.
मी मोठा पट्टा काढला, माणसांचा,
तिच्या दंडाला गुंडाळून हवा भरली.
दोनशे चार.
"मेफो, तुम्ही स्वतः घेत नाही हे पान?"
"झाडाला कारण सांगावं लागतं," ती म्हणाली.
"दुसऱ्याचं सांगता येतं."

तीनदा मोजायचं, मध्ये पाच मिनिटं थांबायचं,
असा नियम.
त्या पाच मिनिटांत काय बोलावं मला सुचेना.
पंपाचा रबरी गोळा हातात नुसताच दाबत बसलो.
शेवटी तीच बोलू लागली, बारीक आवाजात,
माझ्या मनगटावर हात ठेवून :
बसचं भाडं, कोंबड्यांवरचा रोग,
धाकटीचं बाळंतपण...