चोकची तार

किल्ली फिरवली की नुसतं टक्.
पुन्हा टक्.
खाली हर्णै बंदरावरून लिलावाचा ओरडा वर येतो,
सुरमई चारशे, सव्वाचारशे,
आणि माझी पद्मिनी गप्प.

शहाऐंशीची. रंग एकेकाळी दुधी.
बर्फाच्या कारखान्याच्या पत्र्याखाली उभी राहून राहून
दारांच्या कडांना आता खवले आलेत,
नखाने काढले तर निघतात.

मी माझ्या परीने सगळं केलं.
प्लग काढून जुन्या टूथब्रशने घासले,
पॉइंटना पॉलिश पेपर मारला,
कार्बोरेटरचं झाकण उघडून हुंगलं.
पेट्रोल होतं.
ढकलायला माणसं नव्हती, सगळी लिलावाला.

तौसीफ म्हणाला, बॅटरी गेली, काका.
बॅटरी दिवाळीतली, पावती आहे.
मग स्टार्टर, म्हणाला.
मग म्हणाला, विकून टाका.

जैनुद्दीन परकार दुपारच्या नमाजानंतर आले,
पायजमा दुमडलेला, खांद्यावर एक जाड वायर, बस्स.
"इंजिन फिरतच नाय तर पेट्रोल कशाला हुंगतोस?
लाइट लाव."
भिंतीवर दोन स्वच्छ पिवळे गोल.
"हॉर्न."
कारखान्यातलं मांजर उठलं.
"आता किल्ली. सोडू नको, धरून ठेव."
टक्.
आणि म्हातारा बॉनेटकडे न जाता
खिडकीतून आत वाकला,
डॅशबोर्डखाली चोकच्या तारेला दोन बोटं लावली
आणि तव्याला लागल्यासारखी मागे घेतली.

"बघ."
तार तापली होती.
वरचं प्लास्टिक मऊ पडलेलं, करपल्याचा वास.

"बॅटरीत ताकद हाय. स्टार्टर पण बरा.
पण गेलेल्या करंटला परत यायला वाट नाय.
अर्थ तुटलाय."

मी कारकून माणूस.
हा शब्द पत्रात पाहिलेला, शाळेच्या वहीत पाहिलेला,
गाडीखाली नाही.
चाचांनी उताणं झोपून दाखवला:
इंजिनापासून चासीपर्यंत तांब्याची विणलेली पट्टी, वेणीसारखी,
खाऱ्या वाऱ्याने हिरवी पडलेली,
बोट लावलं तर भुगा.
रबराच्या उशांवर बसलेलं इंजिन,
गाडीतच, आणि गाडीशी काही संबंध नाही.

"पण करंट गप बसत नाय.
मिळेल त्या तारेतून घरी जातो.
ही तार चोक ओढायला. तिच्यावर एवढा भार?"

मी उगाच पाना पुसत राहिलो.

दिगूशी बोलून मला सहा वर्षं झाली.
बागेची हद्द, विहिरीवरचा पंप, ह्याच गाडीचे कागद,
सगळं त्याच्या केतकीकडून जातं येतं.
काका, बाबा म्हणाले. बाबा, काका म्हणाले.
दहावीत आहे ती.
परवा फोनवर मधेच म्हणाली,
"थांबा हं जरा, मला पाणी पिऊ दे,"
आणि बराच वेळ आलीच नाही.

वायरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला,
दुसरं इंजिनाच्या उघड्या बोल्टला.
बारीक ठिणगी. "मार."
गाडी खोकली, निळा धूर सोडला
आणि लागली, पूर्वीसारखीच,
एक सिलिंडर जरा आळशी.

तौसीफने बॉनेटवर थाप मारली.
चाचांनी दीडशे सांगून शंभर घेतले.
"ही वायर दोन दिवस चालंल. पट्टी दापोलीत मिळंल.
पण लावायच्या आधी दोन्ही बाजू घास,
पांढरा पत्रा दिसेपर्यंत.
गंजावर कितीही आवळलीस तरी फुकट."

ते गेले. बंद करायची भीती वाटली
म्हणून गाडी तशीच घुरघुरत ठेवली,
बसून राहिलो.
चोकच्या तारेला हात लावला, गार होत होती.
फोनमध्ये केतकीच्या बऱ्याच खाली दिगूचा नंबर,
तोच असेल की बदलला असेल.

खिशात सकाळचा पॉलिश पेपर होता,
अर्धा अजून कोरा.