अदलाबदल, आठ दिवसांच्या बोलीवर

रोज बावन्न मैल जायचे, बावन्न यायचे.
विस्कॉन्सिनच्या या टोकाला त्याला कुणी लांब म्हणत नाही.
चीज फॅक्टरीच्या प्रयोगशाळेत माझं काम:
दुधाचे नमुने, काचेच्या नळ्या, आम्लता.
अकरा वर्षं हीच चंदेरी गाडी.
किल्ली फिरवली की सुरू.
तक्रार नाही, आणि खरं सांगायचं तर
गप्पाही नाहीत.

सिग्नी होल्टेच्या रिकाम्या गोठ्यात उभी असते ती डिझेल,
त्र्याऐंशी सालची, मोहरीच्या रंगाची, लांबलचक,
दार लावलं की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज.
ऑर्विल गेल्यापासून फक्त रविवारी चर्चपर्यंत जाते,
आणि आता सिग्नीच्या खांद्याला ते दार ओढवत नाही.
"पैसे नकोत," म्हणाली. "तुझी दे, माझी घे."

रात्री विजेच्या बिलाच्या पाठीमागे गणित मांडलं.
डिझेल गॅलनमागे साठ सेंट महाग.
गॅलनला बारा मैल कमी.
ग्लो प्लग पाच, त्यातला एक मेलेला.
पायाखाली गंज, मूठ जाईल एवढं भोक.
आणि कडाक्याच्या थंडीत डिझेलची लापशी होते;
रात्रभर नारिंगी वायर भिंतीत खुपसून
सलाईन लावल्यासारखी ठेवायची गाडी.
खाली रेघ मारली: आतबट्ट्याचा व्यवहार.
दुसऱ्यांदा केलं, तेच उत्तर.
तिसऱ्यांदा मी गंज वगळला.

माझा भाऊ डेलबर्ट गिअरबॉक्स दुरुस्त करतो. फोनवर हसला.
"चालतं घोडं देऊन म्हातारा बैल घेतेस?"
म्हटलं, बैल तीन लाख मैल चाललाय.
"तेच तर म्हणतोय मी."

मग ठरलं, आठ दिवस वापरून बघायचं. दोघींनी.

सोमवारी पहाटे साडेचारला किल्ली अर्धी फिरवून थांबले.
पिवळा दिवा विझेपर्यंत थांबावं लागतं,
वीस-बावीस सेकंद.
अकरा वर्षांत गाडीत बसून
मी कधी नुसती थांबले नव्हते.
समोर माझंच घर होतं. स्वयंपाकघरातला दिवा
चालूच राहिलेला. कपही दिसत होता, खिडकीत.
मग खोकला, खडखड, काळा धूर,
अख्खी गाडी अंग झटकून उठली
आणि शेजारच्यांचा कुत्रा मला पहिल्यांदाच भुंकला.

मंगळवारी चढावर खडीचा ट्रक मागे लागला,
त्याच्या हॉर्नखाली मी वर पोचले, आपल्या गतीनं.
बुधवारी लोरेटानं माझा कोट हुंगला:
"ट्रॅक्टरवरून आलीस का?"
ॲशट्रेत सूर्यफुलाच्या बियांची टरफलं. ऑर्विलची.
झटकून टाकली. तरी हीटर लावला की
कुठूनतरी एखादं उडतं, मांडीवर येऊन बसतं.

गुरुवारी परतताना, धान्याच्या कोठारांपाशी,
समोरून माझीच गाडी आली.
सीट पार पुढे ओढलेली; स्टिअरिंगच्या वर
फक्त कपाळ आणि लोकरीची टोपी.
पंचावन्नच्या रस्त्यावर निदान पंचाहत्तर.
माझ्या हाताखाली ती कधी साठच्या वर गेली नव्हती.
मी हात केला. तिनं पाहिलं नाही.
तोंड उघडं होतं तिचं, एकटीच गात होती,
नाहीतर ओरडत असेल.

आठ दिवस कधीच उलटून गेलेत.
सिग्नीनं फोन केला नाही. मीही नाही.
गणित अजून विजेच्या बिलामागेच आहे,
बिल भरायचं राहिलंय.
शुक्रवारी पारा उणे पंचवीसवर जाणार म्हणतात.
हार्डवेअरच्या दुकानातून मी लांब वायर आणली,
नारिंगीच.
पावती जपून ठेवली आहे.
तीस दिवसांत परत करता येते.