तळघरातला हिरवा दिवा

नारिनच्या भूकंपमापन केंद्रात
रात्रीचा पहारा माझा. नाव एर्मेक.
आधी मेंढ्या मोजायचो, आता कुलुपं मोजतो.

तळघरात एक पेटी आहे, काळी, दोन विटांएवढी.
दिवसभरात डोंगर जितका थरथरतो
तितकं सगळं रात्री दाबून, बांधून
वरच्या मजल्यावरून तिच्यात पाठवतात.
बॅकअप म्हणतात त्याला.
दहाला सुरू व्हायचा,
आणि सकाळी तोक्तोसुनसाहेब टोपी काढून खुर्चीत बसले
तरी संपलेला नसायचा.

मग शिव्या पेटीला.
पेटी सुस्त, केबल म्हातारी,
बिश्केकहून नवी मागवा, कागद पाठवा, सही आणा.
कागद गेला.
फेब्रुवारी सरला, सही आली नाही.

मी पेटीसमोर बसून चहा प्यायचो,
हीटर तिथेच होता म्हणून.
चोल्पोनला एकदा सहज म्हणालो,
पोरी, हिचा दिवा एकदा लुकलुकतो
आणि पुन्हा लुकलुकेपर्यंत माझा अर्धा प्याला संपतो.
दमलेल्याचं हे लक्षण नव्हे.
ही कुणाची तरी वाट बघते आहे.

ती जिन्यातच थांबली.
एक हातमोजा घातलेला, एक दातांत.
"परत सांगा, बाइके."

वर जाऊन तिने पडद्यावर काहीतरी उघडलं.
आठ उभ्या रेघा.
एक माथ्यापर्यंत चढलेली, लाल.
सात जमिनीला टेकलेल्या,
लग्नघरातल्या लांबच्या पाहुण्यांसारख्या,
कुणी काम सांगितलं नाही म्हणून बसून.
"आठ जण आहेत, आणि दाबायचं काम एकटा करतोय.
तेही नऊ नंबरचं, सगळ्यात घट्ट.
आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

घट्ट म्हणजे काय ते मला विचारा.
माझी बुबुसारा कुरुत वळायची.
दही टांगून, मीठ घालून, मुठीत दाबून दाबून गोळे,
मग उन्हात.
तिचा गोळा म्हणजे दगड. पिशवीत जास्त मावायचे, खरं आहे.
पण तिचा एक होईतो
शेजारच्या पोरी टोपली भरून मोकळ्या,
मऊ, वाकड्या, बोटांचे ठसे उमटलेल्या गोळ्यांची.
खिंडीपलीकडे दोन्ही सारखेच पोचायचे.
हे मी तिला कधी बोललो नाही.
आता बोलून काय.

चोल्पोनने नऊचा एक केला.
सातांना उठवलं, कामाला लावलं.
जुन्या कागदी आलेखांचे फोटो होते हजारो,
ते आधीच दाबलेले, तसेच जाऊ देत म्हणाली,
वाळलेल्या कुरुताला आणखी काय पिळायचं.
(हे माझ्याकडून उचललं तिने.)

त्या रात्री दिवा लुकलुकला नाही.
पेटला तो पेटलाच,
इतक्या भराभर थरथरत की सलग वाटावा.
ओझं जरा फुगलं, शंभराचं एकशे बारा झालं,
आणि पावणेबाराला शेवटचं गाठोडं पोचलं.
"आता मात्र केबलच कमी पडते," ती म्हणाली
आणि पायरीवर बसून हसत सुटली.
चार महिने आम्ही चोर सोडून
या संन्याशाला फाशी देत होतो.
तोक्तोसुनसाहेबांनी कागद मागे घेतला नाही.
येऊ दे नवी, म्हणाले, आता तिची खरी गरज आहे.

बारानंतर तळघर गप्प असतं.
हीटर तेवढा अधूनमधून कटकटतो.
खरं सांगू, मला करमत नाही.
आधी निदान दोघं जागे होतो.

परवा तीन वाजून सात मिनिटांनी
चमचा बशीवर वाजला, आपोआप.
भिंतीवरची किल्ली थोडा वेळ हलत राहिली.
मी वहीत वेळ लिहिली.
पेटीकडे पाहिलं: ती केव्हाच झोपलेली.
हा हादरा उद्याच्या गठ्ठ्यातला.
उद्या दहापर्यंत तो
फक्त वरच्या मशीनपाशी आणि माझ्यापाशी.