अकरावा डबा

रिपोर्ट निगेटिव्ह येऊन सात महिने झाले.
लालबागला डंकाशेजारी उभी,
पुढ्यात डबे: धणे, बेडगी, दगडफूल,
मग ते… काळपट, तोंड उघडं राहिलेलं,
बांगड्याच्या कालवणात घालतात ते.
माझंही तोंड तसंच उघडं.
गिऱ्हाईक मोबाइल बघत थांबलेलं.

मिरची भाजली की अख्खी गल्ली खोकते,
मला वास नाही.
मेंदू थकलाय, म्हणाले डॉक्टर गायतोंडे.
मला वाटायचं,
माप हातात असतं.
संध्याकाळी उगाच रडू येतं,
मिरचीवर ढकलते.

पहाटे तीनला शब्द आला.
यांना हलवलं. "तिरफळ," म्हटलं.
"झोप गं," म्हणाले.

नाही झोपले.
तो दाताखाली धरून बसले
जीभ बधिर होईपर्यंत.