पुढचा डावा

पहिल्या दिवशी रक्त होतं, खरं रक्त.
कुंपणाच्या तारेनं तळव्याची गादी फाटलेली,
आणि तू तीन पायांवर
सहाशे मेंढ्या फाटकातून आत घातल्यास,
मगच माझ्याकडे आलास.
आधी काम, मग कण्हणं.
हे तुला कुणी शिकवलं, तिसोन?
मी तर नाही.

येर्बाच्या चहाची किटली तुझ्या पायाला दिली,
मूठभर मीठ घालून, कोमट करून.
दाढी करायचा आरसा टेकवला कंदिलामागे
उजेड दुप्पट व्हावा म्हणून.
तारेचा गंजका कण निघाला,
जिऱ्याएवढा.
तू माझं मनगट दातांत धरलंस
आणि चावला नाहीस.
नुसतं धरून ठेवलंस,
गाभण घोडीच्या खोगिराला हात लावावा तसं, जपून.

मेंढ्यांचं आयोडीन,
पिठाच्या पोत्याची पट्टी,
वर माझ्या मोज्याची टाच,
खाली तळ म्हणून जुन्या बुटाची जीभ.
या बुटानं आयुष्यभर तोंड उघडलं नव्हतं,
आता तू चाललास की फटक फटक बोलतो.

मग तू आत झोपायला लागलास.
वारा बाहेर पत्रे उपटायला बघत होता, नेहमीसारखा,
आणि तू चुलीपाशी, कातड्यावर,
लेंगाच्या लाकडाच्या उबेत,
हाडावरचं मऊ मऊ मी काढून द्यायचं
आणि तू उपकार केल्यासारखं खायचं.

रोज रात्री साडेआठला रेडिओ.
गावोगावच्या निरोपांत एक माझा:
'लागुना वेर्दे पलीकडच्या झोपडीतले ओसियेल मान्सिया,
तुमची मुलगी एदेल्मिरा पुन्ता अरेनासहून विचारते,
गुडघा कसा आहे?'
रेडिओला उलट बोलता येत नाही.
मी तुझ्याकडे बघून म्हणतो, बरा आहे.
तू कान हलवतोस. पोचला निरोप.

चौथ्या दिवशी जखम मिटली.
पेन्सिलीनं ओढावी तशी करडी रेघ राहिली.
तू मात्र लंगडतच होतास.
म्हटलं, असेल आत काही ठणकत,
जनावराचं जनावरालाच ठाऊक.

सहाव्या दिवशी पाणी आणायला निघालो.
मागे वळून पाहिलं
तर तू अगदी मन लावून लंगडत होतास,
मान खाली, डोळे अर्धे,
आणि उचललेला होता
पुढचा उजवा.

मी थांबलो. तूही थांबलास.
काहीतरी चुकलंय एवढं तुला कळलं,
काय ते कळेना.
एकदा हा उचललास, एकदा तो,
मग दोन्ही टेकवून
वाऱ्याकडे तोंड करून बसलास,
जणू आपण हवा बघायलाच आलो होतो.

सगळी सोंगं आणता येतात म्हणतात, पैशाचं आणता येत नाही.
मला वाटतं, शेपटीचंही नाही.
ती मागे धूळ झाडत होती.

मी काही बोललो नाही.
घरी आलो, पट्टी धुतली, वाळवली
आणि बांधली. उजव्याला.
गाठ जरा सैल.
तू तोंड माझ्या मांडीवर टाकलंस,
इतका लांब श्वास सोडलास
की राख हलली.

परवा गुरुवार. महिन्याचा ट्रक येईल,
पीठ, रॉकेल, तंबाखू घेऊन.
ड्रायव्हर नेहमी खिडकीतूनच ओरडतो,
'मुलीला काय सांगू, दोन ओसियेल? गुडघा?'
बरा आहे म्हटलं
तर गाडी वळवून जाईल.
मागच्या खेपेला जिना चढताना नुसता हात धरला कमरेला,
तर उतरला, दोन तास बसला,
चुलीत दोन लाकडं त्यानंच घातली,
पुढल्या रविवारी एदेल्मिराचा निरोप दुप्पट लांब होता.

गुडघा तर कार्निवालच्या आधीच बरा झालाय.
झोप तू आता.
दूर धुरळा दिसला
की तू भुंकशीलच.
तेवढ्यात ठरवू दोघं,
कोण कोणत्या पायानं लंगडायचं.